पगार किती, हे शेवटी विचारा

बी.कॉम. झालेल्या मुलाला किंवा मुलीला नोकरीचे पत्र आले की घरात पहिला प्रश्न ठरलेला असतो. वडिलांकडचे विचारतात, ‘पगार किती?’ आईच्या माहेरचे विचारतात, ‘संबळ एष्टु?’ भाषा दोन, प्रश्न एकच. तो विचारूच नये असे नाही. पण नोकरी बँक, फायनान्स कंपनी, विमा किंवा सौहार्द सोसायटीतली असेल, तर तो शेवटी विचारावा, असे माझे मत आहे. तिथे रोज दुसऱ्याच्या पैशाशी गाठ असते, आणि पैसा हाताळण्याची प्रत्येक कचेरीची रीत वेगळी असते.

मी स्वतः बँकेत तीस वर्षे काढली. आपल्या घरातल्या मुलांकडे एक जादा भांडवल असते. खानापूरच्या शेतकऱ्याशी मराठीत आणि बैलहोंगलच्या व्यापाऱ्याशी कन्नडमध्ये ती सारख्याच सहजपणे बोलतात. मुलाखतीत ‘दोन्ही भाषा येतात ना?’ असे विचारले की आपण खूश होतो. पण त्या भाषा कशासाठी हव्या आहेत, हेही विचारावे. अर्ज समजावून सांगण्यासाठी, की मुदत ठेव ठेवायला आलेल्या एखाद्या अज्जीच्या गळ्यात गोड बोलून विम्याची पॉलिसी मारण्यासाठी? आपल्या बोलीत बोलणाऱ्यावर माणूस चटकन विश्वास टाकतो. तो विश्वास विकायला लावणारी नोकरी कितीही पगाराची असली तरी महागच पडते.

गेल्या वर्षी माझ्या भाचीला दोन ठिकाणची पत्रे आली. एक हुबळीची फायनान्स कंपनी, पगार चांगला; दुसरी बेळगावातलीच लहान पतसंस्था. ‘मामा, काय करू?’ म्हणाली. मी तिला दोन्हीकडे तीन प्रश्न विचारायला सांगितले.

पहिला, या जागेवर आधी कोण होते आणि ते आता कुठे आहेत? बढती मिळाली असेल तर उत्तर लगेच मिळते. वर्षात तीन माणसे सोडून गेली असतील तर समोरचा विषय बदलतो.

दुसरा, टार्गेट पूर्ण झाले नाही तर काय होते? टार्गेट सगळीकडेच असते, त्याला घाबरू नये. पण साहेब चूक समजावून सांगतात की सगळ्यांसमोर उभे करून बोलतात, हे पाहावे. पगारातला किती भाग टार्गेटवर अवलंबून आहे, हे लेखी मागावे.

तिसरा, थकीत कर्जाची वसुली कशी होते? सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये बजावले. जबरदस्तीच्या वसुलीविरुद्ध कर्नाटकाने २०२५ मध्ये कायदा केला. त्यात १० वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. ‘साहेबांनी पाठवले म्हणून गेलो’ हे उत्तर पोलीस ठाण्यात पुरत नाही.

हुबळीत तिसऱ्या प्रश्नाला ‘ते रुजू झाल्यावर कळेल’ एवढेच उत्तर मिळाले. पतसंस्थेच्या सचिवांनी मात्र वसुलीची पद्धत नीट सांगितली आणि मागितल्यावर लेखापरीक्षण अहवालही दाखवला. भाची तिथे रुजू झाली, पगार कमी असूनही. लहान संस्था म्हणजे चांगलीच, असे मात्र समजू नये. संचालकांच्या पाहुण्यारावळ्यांनाच कर्जे मिळत असतील, तर तिथूनही नमस्कार करून परत यावे.

‘आमच्याकडे कोणी सुट्टीच घेत नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या कचेरीपासूनही सावध राहा. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला दरवर्षी सलग किमान १० कामाचे दिवस, आधी न कळवता, सुट्टीवर पाठवावे, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ मध्ये बँकांना सांगितले. कारण साधे आहे. खुर्चीवर दुसरा माणूस बसला की दडवलेल्या गोष्टी बाहेर येतात.

आईवडिलांनीही एक करावे. होकार कळवण्याआधी, बाजाराच्या दिवशी त्या शाखेत तासभर बसून यावे. शिपायाशी, पिग्मी गोळा करणाऱ्याशी आणि अंगठा उठवणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी तिथले लोक कसे बोलतात, ते कान देऊन ऐकावे. उद्या तुमचे मूलही तसेच बोलायला शिकणार आहे.