शाई एकच, मते तीन

परवा मतदार जागृतीच्या कार्यक्रमात एका विद्यार्थ्याने मला चांगलेच अडचणीत टाकले. ‘सर, मत एकच आहे. ते भाषेला देऊ की गटारीला?’ वर्गात हशा पिकला. मीही हसलो; पण घरी येईपर्यंत तो प्रश्न काही पाठ सोडीना.

आमच्या अण्णांना हा प्रश्न कधी पडला नाही. मत म्हणजे समितीला, विषय संपला. चिन्ह कोणते, एवढेच ते आदल्या रात्री विचारून घेत. त्या पिढीला मतपेटी हे सरकार निवडण्याचे साधन नव्हतेच मुळी. ते एक निवेदन होते. ‘१९५६ साली आम्हाला न विचारता आमचा निवाडा झाला,’ हे दर निवडणुकीत पुन्हा सांगायचे, बस्स. १९९६ च्या लोकसभेला सीमाप्रश्नाकडे लक्ष वेधण्यासाठी बेळगावात तब्बल ४५६ उमेदवार उभे राहिले. मी तेव्हा शाळेत होतो. आम्हा पोरांना ती मोठी गंमत वाटली. दिल्लीला वाटली नसावी. त्याच वर्षी लोकसभेच्या उमेदवाराची अनामत ५०० रुपयांवरून १०,००० झाली.

पुढे शहर वाढले. १९९८ मध्ये तंत्रशिक्षणाचे विश्वेश्वरय्या विद्यापीठ आले, २०१२ मध्ये सुवर्ण विधानसौध उभे राहिले, २०१६ मध्ये ‘स्मार्ट सिटी’च्या पहिल्या यादीत नाव लागले. २०११ च्या जनगणनेत महापालिका हद्दीतली वस्ती ४ लाख ८८ हजारांवर गेली होती. मधल्या काळात, २००८ मध्ये, मतदारसंघांची फेररचना झाली. उचगाव मतदारसंघच नकाशावरून गेला. उत्तर, दक्षिण आणि ग्रामीण अशी नवी विभागणी आली. जुन्या गल्ल्यांचा हिशेब नव्या वसाहतींत बसेना.

तरीही २०१३ मध्ये दक्षिणेत समितीचे संभाजी पाटील निवडून आले. २०१८ मध्ये समितीत फूट पडली, एकाच मतदारसंघात दोन-दोन उमेदवार उभे राहिले आणि एकही जागा हाती लागली नाही. ‘संपली समिती,’ असे तेव्हा पुष्कळांनी सांगून टाकले.

पण २०२१ हे वर्ष नीट पाहा. एप्रिलमध्ये लोकसभेची पोटनिवडणूक झाली. समितीचे शुभम शेळके यांना एक लाख सतरा हजारांच्या आसपास मते पडली. हा मतदारसंघ पार रामदुर्ग-सौंदत्तीपर्यंत पसरलेला. तिकडे समितीचे काम नाही. म्हणजे ही मते मुख्यतः शहरातली आणि आसपासच्या खेड्यांतली. भाजपच्या मंगला अंगडी जेमतेम पाच हजारांनी निवडून आल्या. पुढे पाचच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, महापालिकेची निवडणूक प्रथमच पक्षचिन्हांवर झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपला मिळाल्या आणि समिती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. शहर तेच, गल्ल्या त्याच, मतदारही बहुतेक तेच.

हे मतदार फितूर झाले काय? मला तसे वाटत नाही, आणि याचे कारण सांगायला थोडा संकोच वाटतो. त्या मतदारांत मीही होतो. एप्रिलमध्ये अण्णांच्या शेजारी उभा राहून मी समितीला मत दिले. सप्टेंबरमध्ये, गल्लीतला रस्ता कोण करून घेईल याचा विचार केला आणि वेगळे बटण दाबले. अण्णांना ते सांगितले नाही. त्यांनी विचारलेही नाही. त्यांना कळले असावे, कारण त्या दिवशी जेवताना ते फार बोलले नाहीत.

म्हणून मला वाटते, मराठी मत आटलेले नाही; ते वाटले गेले आहे. लोकसभेला ते ओळख सांगते, महापालिकेला नळ आणि रस्ता मागते, विधानसभेला दोन्हींच्या मध्ये लोंबकळते. २०२३ मध्ये दक्षिणेत समितीचा एकच उमेदवार होता, तर रमाकांत कोंडुसकर यांना साठ हजारांवर मते मिळाली. ते हरले, पण दुसऱ्या क्रमांकावर राहिले. मते होती, विजयाइतकी नव्हती, एवढेच.

तेव्हा ३५ जागांवरून ‘बेळगावने सीमाप्रश्न सोडला’ असे कोणी समजू नये. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा अजून सर्वोच्च न्यायालयात पडून आहे आणि तो नगरसेवकांच्या संख्येवर निकालात निघणार नाही. पण समितीनेही ‘मराठी माणूस जाईल कुठे’ या भरवशावर राहू नये. तो कुठेही जात नाही. फक्त नळाला पाणी आले नाही, तर कुणाचे दार वाजवायचे हे त्याला ठाऊक झाले आहे. भाषेचा कैवार घेणाऱ्याने वॉर्डातले कामही करून दाखवले, तर त्याला मत दोन ठिकाणी विभागावे लागणार नाही.

त्या विद्यार्थ्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. द्यायचेच झाले तर इतकेच सांगेन: बाळा, हा प्रश्न तुला पडतो आहे, हेच खरे दुखणे आहे. भाषा आणि गटार यांत निवड करायची वेळ मतदारावर का यावी? हे आधी मत मागायला येणाऱ्याला विचार. मग बटण दाब.

आणि घरी वडील असतील, तर काय केलेस ते त्यांना सांग. मी सांगितले नाही. ते अजून खुपते.