कॅल्शियमची बाटली लागण्याआधी

व्यायल्यानंतर दुसऱ्याच दिवशी गाय बसते, मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात, रवंथ बंद होते. आपण शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देतो आणि थोड्याच वेळात जनावर उभे राहते. पशुपालकाचा विश्वास इतक्या झटपट मिळवून देणारा दुसरा उपचार क्वचितच असेल. मात्र या यशामुळेच दुग्धज्वर म्हणजे बाटली लावण्याचे काम, असा समज आपल्या व्यवसायात रुजला आहे. तो सोडायला हवा.

मोठ्या संकरित गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेमतेम 3 ग्रॅम कॅल्शियम असते. 10 लिटर चिकातून 20 ग्रॅमहून अधिक बाहेर पडते. तरीही बहुतेक गाई बसत नाहीत, कारण पातळी जराशी घसरताच पॅराथायरॉइड ग्रंथी आपले संप्रेरक सोडतात. मूत्रपिंड लघवीतून जाणारे कॅल्शियम अडवते आणि ‘ड’ जीवनसत्त्वाचे सक्रिय रूप तयार करते. त्याच्या जोरावर आतडे चाऱ्यातून जास्त कॅल्शियम शोषते. हाडांतला साठाही मोकळा होऊ लागतो. अडचण आहे ती वेळेची. आतड्याला जोर धरायला साधारण एक दिवस लागतो, हाडांना दोन. चीक तेवढा थांबत नाही. वय वाढेल तशी ही यंत्रणा मंदावते, म्हणून तिसऱ्या वेतापासून धोका वाढतो.

ही यंत्रणा वेळेवर जागी होणार की नाही, हे बरेचसे भाकड काळातल्या गव्हाणीत ठरते. त्या काळात कॅल्शियमचा मारा झाला, तर ग्रंथींना काम उरत नाही. चाऱ्यात पोटॅशियम जास्त असेल, तर रक्त अल्कधर्मी होते आणि संप्रेरक असूनही हाडे व मूत्रपिंड त्याला दाद देत नाहीत. मॅग्नेशियम कमी पडले, तर संप्रेरकाचे स्रवण आणि परिणाम दोन्ही घटतात. लसूणघासात कॅल्शियम आणि पोटॅशियम दोन्ही भरपूर असतात. दुभत्या गाईला उत्तम असलेला हा चारा विण्याआधीच्या शेवटच्या 3 आठवड्यांत म्हणूनच आवरता घ्यावा लागतो.

बाटलीलाही मर्यादा आहेत. शिरेतून दिलेले कॅल्शियम पातळी एकदम वर नेते. पॅराथायरॉइडचे स्रवण दबते, कॅल्सिटोनिन वाढते आणि काही तासांत पातळी पुन्हा खाली येते. सकाळी उठलेली गाय रात्री परत बसते, ती यामुळे. बसलेल्या गाईला शिरेतून कॅल्शियम दिलेच पाहिजे; पण सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत. ती नीट गिळू लागली की पुढची मात्रा तोंडावाटे द्यावी. उभ्या असलेल्या, नुसत्या सुस्त गाईला शिरेतून देण्याची घाई नको. तिला तोंडावाटेच द्यावे.

आपल्या भागातल्या तिसऱ्या वेतापुढच्या गाभण गाईंची यादी करा. विण्याच्या 3 आठवडे आधी गोठ्यावर जा, गव्हाण पाहा, मॅग्नेशियमची सोय करा. अ‍ॅनायनिक क्षार सुरू केले असतील, तर लघवीचा सामू पट्टीने तपासा. तो 6 ते 7 च्या दरम्यान यायला हवा. या भेटीचे शुल्क निःसंकोच घ्या आणि ते कशासाठी, हे पशुपालकाला समजावून सांगा. गाय बसू न देणे हीसुद्धा पशुवैद्यकाचीच जबाबदारी आहे.