ताटात नसलेल्या गोष्टींचे पैसे कोण भरतं? अमेरिकेतलं स्वस्त आणि चांगलं खाणं



दरवर्षी मे महिन्यात शिकागोच्या मॅककॉर्मिक प्लेसमध्ये हॉटेल व्यवसायाचं भलंमोठं प्रदर्शन भरतं. मशिनरी, पॅकिंग, मसाले, सॉफ्टवेअर, सगळं एका छताखाली. अशा प्रदर्शनाला जायचं ठरवणाऱ्यांचा पहिला प्रश्न व्हिसाचा असतो आणि दुसरा लगेच येतो, "सर, खाण्याचं काय? तिथे एका जेवणात आपला इथला आठवड्याचा किराणा जातो म्हणे!"

मग बॅगेत चिवडा, दशम्या, मेतकूट, रेडी-टू-ईट पोह्यांची पाकिटं. दोन दिवस हे ठीक आहे. पण आठ दिवस हॉटेलच्या खोलीत इलेक्ट्रिक केटलवर पोहे भिजवून खाणार असाल, आणि उद्या तुम्हाला स्वतः फूड बिझनेस करायचा असेल, तर माझं मत सरळ आहे: तुम्ही पैसे वाचवत नाही, फी भरलेल्या क्लासला दांडी मारताय. अमेरिकेतल्या मोठ्या शहरांमध्ये कमी पैशात चांगलं जेवता येतं. ते कसं जमतं हे समजलं की तुमच्या धंद्याचं अर्धं गणितही समजतं.

आधी बिल वाचायला शिका

आपल्याकडे पाकिटावर एमआरपी असते, सगळे टॅक्स धरून. तिथे मेनूकार्डवरची किंमत टॅक्सशिवाय असते. न्यूयॉर्क शहरात जेवणावर ८.८७५ टक्के सेल्स टॅक्स लागतो. वेटर टेबलवर येऊन वाढत असेल तर वर १८ ते २० टक्के टिप.

हिशोब करू. २० डॉलरची डिश घेतली. टॅक्स १.७८, टिप ४. खिशातून गेले २५.७८ डॉलर. म्हणजे मेनूवरच्या आकड्याच्या सव्वा पटीहून थोडं जास्तच धरून चाला. आता त्याच रस्त्यावर काउंटरवरून स्वतः घ्यायची १३ डॉलरची थाळी आहे समजा. टॅक्स धरून १४.१५. काउंटरच्या टॅबलेटवर टिपचा प्रश्न येतो, पण तिथे ती तुमच्या मर्जीवर आहे. मेनूवर फरक ७ डॉलरचा दिसत होता, प्रत्यक्षात तो साडेअकराच्या वर गेला.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. वेटरची टिप कापून बजेट सांभाळू नका. तिथल्या केंद्रीय कायद्यानुसार टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला कमीत कमी २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. कॅलिफोर्निया, वॉशिंग्टनसारख्या काही राज्यांत पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, पण बऱ्याच राज्यांत माणसाचं घर टिपवरच चालतं. बजेट कमी असेल तर वेटर नसलेल्या ठिकाणी जा. सेवा घेऊन तिचे पैसे बुडवणं ही काटकसर नाही. उद्या आपल्या दुकानात गिऱ्हाईक असं वागलं तर आपण काय म्हणू?

टॅक्स वाचवायचा असेल तर ओरेगॉन राज्यातलं पोर्टलंड बघा. त्या राज्यात सेल्स टॅक्सच नाही. शिवाय या शहरात मोकळ्या जागांवर फूड कार्टचे अड्डे आहेत. बोर्डवर जो आकडा दिसेल तोच भरायचा.

मालकाने काय सोडलंय ते बघा

आता मुख्य मुद्दा. स्वस्त आणि चांगलं एकाच ताटात मिळतं, तेव्हा मालकाने काहीतरी सोडलेलं असतं. प्रश्न इतकाच, की त्याने ताटातलं सोडलंय की ताटाबाहेरचं? ताटातलं सोडलं असेल तर ते नुसतं स्वस्त खाणं. ताटाबाहेरचं सोडलं असेल तर तिथे रांग लावा.

सिएटलचं उदाहरण घ्या. १९७६ मध्ये तोशी कासाहारा या जपानी माणसाने तिथे छोटंसं तेरियाकी दुकान काढलं. ग्रिल केलेलं चिकन, गोडसर सॉस, भात आणि सॅलड. जपानी हॉटेल म्हटलं की सजावट, नाजूक भांडी, लांबलचक मेनू असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ते सगळं बाजूला ठेवलं. पुढे शहरभर अशी दुकानं झाली, आणि ती चालवणाऱ्यांत कोरियन, व्हिएतनामी कुटुंबंही होती. आज तेरियाकी म्हणजे सिएटलच्या नोकरदार माणसाचं रोजचं जेवण.

न्यूयॉर्कचे 'हलाल गाईज' तर गाडीवरून उभे राहिले. १९९० मध्ये मॅनहॅटनमध्ये ५३ वा रस्ता आणि सहावा अॅव्हेन्यू यांच्या कोपऱ्यावर इजिप्तहून आलेल्या मंडळींची हॉट डॉगची गाडी होती. त्यांच्या लक्षात आलं, की मुस्लिम टॅक्सीवाल्यांना पोटभर हलाल जेवण हवंय आणि गाडी थांबवून तासभर बसायला वेळ नाही. मग चिकन, भात, पांढरा सॉस. इथे टेबल, वेटर, एसी, सगळं सोडलं. भाताचं प्रमाण मात्र सोडलं नाही. आज त्यांच्या फ्रँचायझी आहेत.

त्याच शहरातल्या क्वीन्समधला फ्लशिंग भाग बघा. 'शियान फेमस फूड्स' २००५ मध्ये तिथे सुरू झालं आणि एका जुन्या चिनी मॉलच्या तळघरातल्या छोट्या स्टॉलवरून त्याचं नाव झालं. हाताने ओढलेल्या रुंद नूडल्स, जिऱ्याच्या मसाल्यातलं मटण. तळघर म्हणजे भाडं कमी. जी मेहनत सोडायला सगळ्यात सोपी होती, म्हणजे हाताने नूडल्स ओढणं, तीच त्यांनी धरून ठेवली. अशा चिनी आणि कोरियन मॉलच्या फूड कोर्टमध्ये आजही कमी पैशात उत्तम जेवण मिळतं.

लॉस एंजेलिसच्या 'कोगी' ट्रकने २००८ मध्ये कोरियन पद्धतीचं मांस मेक्सिकन टाकोत भरून विकलं. ट्रक आज कुठे उभा आहे हे ट्विटरवर कळायचं आणि लोक तिथे पोहोचायचे. मोक्याच्या जागेचं कायमचं भाडं आणि मोठी जाहिरात, दोन्हींचा खर्च टळला.

'इन-एन-आउट' बर्गरने तर मेनूच छोटा ठेवला. सुरुवात १९४८ ची, आणि आजही मुख्यतः बर्गर, फ्राईज, शेक, थंड पेय, बस्स. मेनू छोटा म्हणजे माल कमी प्रकारचा, नासाडी कमी, कामगार शिकवायला सोपा. आपल्याकडे पहिल्याच दिवशी पावभाजी, चायनीज, पिझ्झा, मिसळ आणि डोसा असा दीडशे आयटमचा बोर्ड लावतात. फ्रीजमध्ये काय काय शिळं पडतं ते मग विचारू नका.

म्हणून अनोळखी शहरात जागा शोधायची तर तीन खुणा बघा. मेनू छोटा आहे का? त्याच समाजाची माणसं तिथे जेवताहेत का? दुपारी एक वाजता रांग आहे का, आणि ती पुढे सरकतेय का? तिन्ही 'हो' असतील तर रंग उडालेल्या पाटीकडे बघून परत फिरू नका.

मोठं जेवण दुपारी करा

चांगल्या, महागड्या हॉटेलात एकदा तरी जेवायची इच्छा असेल तर जरूर जा, पण दुपारी. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, तेव्हा शहरातल्या नामांकित हॉटेलांनी दुपारचं ठरावीक जेवण १९.९२ डॉलरला दिलं. सालाचाच आकडा किंमत म्हणून लावला. तिथून 'रेस्टॉरंट वीक' सुरू झाला आणि नंतर अमेरिकेतल्या अनेक शहरांनी तो उचलला.

हे परवडतं कसं? भाडं दिवसभराचं भरलेलंच आहे. आचारी संध्याकाळच्या तयारीसाठी आलेलेच आहेत. दुपारी टेबल रिकामं राहिलं तर त्यातून शून्य मिळतं. त्यामुळे दुपारचा दर कमी ठेवूनही मालकाचा फायदाच होतो. तुम्हाला त्याच स्वयंपाकघरातलं जेवण कमी पैशात. चिनी, थाई, भारतीय हॉटेलांत दुपारी 'लंच स्पेशल' असतो, तोही याच हिशोबाने.

दिवसाची आखणी अशी करा. सकाळी सुपरमार्केटमधून केळी, दही, ब्रेड. दुपारी भरपेट जेवण. संध्याकाळी काउंटरवरचं हलकं काहीतरी. ताटं मोठी असतात, उरलेलं डब्यात भरून मागा, तिथे त्यात कुणाला काही वाटत नाही. साधं पाणी फुकट असतं, म्हणून बाटली नाही, 'टॅप वॉटर' मागा. आणि प्रत्येक घासाला रुपयांत गुणाकार करू नका. रोजचा आकडा डॉलरमध्ये आधी ठरवा आणि त्या आकड्यात मोकळ्या मनाने जेवा.

शाकाहारी मंडळींसाठी

शाकाहारी म्हणजे फक्त फ्राईज आणि सॅलड, हा गैरसमज काढून टाका. वॉशिंग्टन डीसीमध्ये इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या धर्मात उपवासाचे बरेच दिवस प्राणिजन्य पदार्थ वर्ज्य असतात, त्यामुळे डाळी, कोबी, पालेभाज्या यांची शाकाहारी थाळी प्रत्येक ठिकाणी मिळते. खाली आंबवलेल्या पिठाचा मोठा इंजेरा, वर सात-आठ भाज्या, आणि हाताने खायचं. एका थाळीत दोघं आरामात जेवतात. डेट्रॉइटजवळच्या डिअरबॉर्नमध्ये अरबी वस्ती आहे, तिथे फलाफल आणि हमस. न्यू जर्सीत एडिसनच्या ओक ट्री रोडवर तर आपलीच दुकानं. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कजवळ थिरू कुमार या श्रीलंकन माणसाने वर्षानुवर्षं डोशाची गाडी चालवली आणि २००७ मध्ये शहरातल्या फेरीवाल्यांचा मानाचा 'वेंडी' पुरस्कार मिळवला. मांसाची सवय असलेल्या शहरात, एका गाडीवर, शुद्ध शाकाहारी डोसा!

विचारायच्या गोष्टी मात्र विचारा. मेक्सिकन ठिकाणी राजमा कधी कधी डुकराच्या चरबीत परततात आणि भात चिकनच्या पाण्यात शिजवतात. थाई आणि व्हिएतनामी पदार्थांत माशाचा सॉस असतो. लाजू नका, ऑर्डरच्या आधी विचारा.

पण किंमत कॉपी करू नका

इथे सावध करतो. स्वस्ताई बघून भारावून जाल आणि परत येऊन 'सगळ्यात स्वस्त' असा बोर्ड लावाल.

कॉस्टको या गोदामवजा दुकानात हॉट डॉग आणि थंड पेय १९८५ पासून दीड डॉलरला मिळतं. चाळीस वर्षं तीच किंमत! पण कॉस्टको सभासदत्वाची वार्षिक फी घेतं आणि तिच्या नफ्यात त्या फीचा मोठा वाटा असतो. हॉट डॉग हे गिऱ्हाइकाला खूश ठेवून परत बोलवायचं साधन आहे. तुमच्याकडे अशी फी आहे का? नसेल तर तो दर तुमच्यासाठी नाही.

दुसरं उदाहरण न्यूयॉर्कच्या एक डॉलरच्या पिझ्झा स्लाइसचं. २००८ च्या मंदीच्या सुमारास हा प्रकार फोफावला. उभं राहून खायचं, मेनू जवळजवळ एकाच वस्तूचा, दिवसभर नुसती विक्री. गणित बरोबर होतं, पण मार्जिन अगदी पातळ. कोविडनंतर चीज, पीठ, खोके, मजुरी सगळं महागलं आणि अनेकांना एक डॉलरचा आकडा सोडावा लागला. काहींच्या तर पाटीवरच ९९ सेंट लिहिलेलं होतं. किंमत हीच ओळख केली, की ती वाढवायच्या दिवशी ओळखच जाते.

तुम्ही म्हणाल, "सर, आजकाल कस्टमरला वातावरण लागतं, फोटो काढायला जागा लागते." मान्य. वातावरणही विकता येतं, पण तो वेगळा धंदा आहे आणि त्याचा दर वेगळा लावावा लागतो. पाच लाखांचं इंटिरियर करून वडापावच्या दरात विकायला बसलात, तर ते पाच लाख कोण भरणार? गिऱ्हाईक भरत नाही म्हटल्यावर तुमच्या बायकोचे दागिने भरतात. हे मी नाट्यमय करायला लिहीत नाही. फर्निचरच्या कर्जाखाली उत्तम चवीची दुकानं बंद होतात.

गृहपाठ

अमेरिकेला जाणार असाल तर प्रत्येक जेवणानंतर मोबाईलमध्ये चार ओळी लिहा. मेनूत किती पदार्थ होते? किती माणसं काम करत होती? ऑर्डर दिल्यापासून ताट हातात यायला किती मिनिटं लागली? मालकाने काय सोडलं होतं? आठ दिवसांत वीस नोंदी होतील. प्रदर्शनातल्या ब्रोशरच्या थप्पीपेक्षा त्या जास्त कामाला येतील.

जाणार नसाल तरी हरकत नाही. आज रात्री तुमच्या नियोजित हॉटेलच्या खर्चाची यादी काढा आणि प्रत्येक ओळीसमोर लिहा: हे गिऱ्हाइकाच्या ताटात जातं का? जात असेल तर त्यावर एक रुपयाही कमी करू नका. जात नसेल तर ते खोडून बघा, आणि धंदा त्याशिवाय उभा राहतो का ते तपासा. ही यादी घेऊन पुढच्या व्हिडिओला बसा, आपण तिच्यावरून किंमत काढायला शिकू.