बोरी नदीवरचा पूल

युक्रेनमधील बाखमुत हे सुमारे सत्तर हजार वस्तीचे शहर होते. जवळच्या मिठाच्या खाणींमुळे त्या परिसराचे नाव व्यापारात परिचित होते. २०२२-२३ च्या लढाईत ते जवळजवळ संपूर्ण उद्ध्वस्त झाले. अशा बातम्या मराठवाड्यातील वाचकाला दूरदेशीच्या वाटतात. वास्तविक धाराशिव जिल्ह्याच्या रस्त्यांवरून रणगाडे गेले, त्याला अजून ऐंशी वर्षेही झालेली नाहीत.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सेना सोलापूरच्या बाजूने हैदराबाद संस्थानात शिरली. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल शाबूत हाती येणे आवश्यक होते, आणि तो तसा आला. सकाळी नऊच्या सुमारास फौज जळकोटला होती, दुपारी उमरग्यात. तुळजापुरात दोनेक तास प्रतिकार झाला. लोहाऱ्याकडे निघालेल्या तुकडीला नदीच्या पुराने अडवले. १७ तारखेला निजामाने युद्ध थांबवले. पाच दिवसांचा हा इतिहास शाळेत शिकवला जातो आणि तो खरा आहे. तथापि गावे दुभंगली ती आधीच्या वर्षभरात आणि नंतरच्या काही आठवड्यांत.

बार्शी इंग्रजी मुलखात, तर येडशी, ढोकी, मुरूड, लातूर निजामाच्या राज्यात. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि दोन्ही बाजारपेठा एकाच रुळांवर आल्या. वाटेत करोडगिरीचा, म्हणजे निजामी जकातीचा, नाका होता. चलनेही दोन होती. शंभर रुपये कलदार म्हणजे एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. हा हिशोब तेव्हाच्या मुनिमाला तोंडपाठ असे. सरहद्द होती; पण ती वटाव आकारून ओलांडता येण्यासारखी होती.

नोव्हेंबर १९४७ मध्ये जैसे थे करार झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत निजाम सरकारने भारतीय चलन संस्थानात अग्राह्य ठरवले. सोन्याचांदीच्या निर्यातीवरही बंदी घातली. भारताच्या बाजूने मालाची कोंडी सुरू झाली. सराफा व आडत यांवर चालणाऱ्या घरांना यातूनच पुढची चाहूल लागली. रझाकारांचा नेता कासीम रझवी हा लातूरचा वकील; ते गाव त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. रझाकारांच्या जाळपोळीने व लुटीने खेडी हैराण झाली. सरहद्दीपलीकडे स्टेट काँग्रेसची शिबिरे होती आणि तेथून संस्थानी ठाण्यांवर हल्ले होत. अनेक व्यापारी कुटुंबे चोपड्या आणि दागिने घेऊन बार्शी-सोलापूरला गेली. मागे राहिलेल्या घराची किल्ली पुष्कळदा शेजाऱ्याकडेच असणार, आणि तो शेजारी कोणत्या धर्माचा हे त्या वर्षापूर्वी कोणी विचारलेही नसेल.

जिल्ह्याच्या मुक्तिलढ्यात जैन कार्यकर्तेही होते. फुलचंद गांधी पुढे हैदराबाद राज्याच्या पहिल्या लोकनियुक्त मंत्रिमंडळात मंत्री झाले. ही बाजू अभिमानाने सांगितली जाते आणि तसे सांगणे योग्यच आहे.

दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते. निजामाची शरणागती झाल्यावर जिल्ह्यातील मुसलमान वस्त्यांवर सूड उगवला गेला. रझाकार कोण आणि साधा विणकर किंवा अत्तरविक्या कोण, हा विवेक त्या दिवसांत राहिला नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांची समिती वर्षअखेरीस संस्थानभर फिरली. सर्वाधिक झळ लागलेले म्हणून तिने चार जिल्हे सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. संपूर्ण संस्थानात किमान सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. सरदार पटेलांना हा अहवाल मान्य नव्हता आणि तो अनेक दशके अप्रकाशित राहिला. आकड्यांवर वाद होऊ शकतो. प्रसंग घडला यावर होऊ शकत नाही. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान व्यवसायबंधूंना जिवाची किंमत देऊन वाचवल्याची नोंदही त्याच अहवालात आहे.

पंचांगाकडे पाहिले तर मन अधिकच अस्वस्थ होते. त्या वर्षी सेना आली ती दशलक्षण पर्वात आणि १७ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. क्षमावणीचा दिवस त्यामागोमागच आला. जिल्ह्यातील मंदिरांत ‘उत्तम क्षमा’ म्हटले गेले, त्याच आठवड्यात आसपासच्या गावांत हे घडत होते. त्या काळी कुणी काय पाहिले, कुणी कोणाला माळ्यावर लपवले आणि कुणी दार लावून घेतले, यांबद्दल बहुतेक घरांनी मौन पाळले. भीती हे त्याचे एक कारण. रझाकारांनी लुटलेल्या घराला पुढच्या अन्यायाविषयी बोलणे जड जाते, हे दुसरे, आणि बहुधा अधिक खरे.

नंतर बाजार सावरला. करोडगिरीचे नाके उठले, १९५९ मध्ये हाली नाणे कायमचे बंद झाले, निजामाच्या नावाचा जिल्हा अलीकडे पुन्हा धाराशिव झाला. परंतु उधारीचा व्यवहार माणूस ओळखून चालतो, आणि १९४८ च्या दिवाळीत नव्या चोपड्या घातल्या गेल्या तेव्हा जुन्यांतील काही खातेदार हयात नव्हते, काही हैदराबादला गेले होते. त्यांच्या खात्यांचे कोणत्या पेढीने काय केले, हे पाहण्याचे साधन अजून शिल्लक असू शकते. लाल कापडात बांधलेल्या त्या चोपड्या काही घरांच्या माळ्यावर असतील. नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात आणि मोडी वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत जाण्यापूर्वी एकदा संवत २००४ आणि २००५ ची पाने कुणी जाणकाराकडून वाचून घ्यावीत.