विश्लेषण : सरकारी मान असलेली आयरिश, बिनमानाची कोलामी… दोघींचे दुखणे एकच?

महाराष्ट्रात पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून २०२५ मध्ये मोठे वादंग झाले. १६ एप्रिल आणि १७ जूनचे शासन निर्णय सरकारला २९ जूनला मागे घ्यावे लागले. त्या वादात ‘मातृभाषा’ हा शब्द सगळ्यांच्या तोंडी होता आणि तिचा अर्थ मराठी, हे जवळपास सगळ्यांनीच गृहीत धरले होते. वर्धा जिल्ह्यातल्या कोलाम पोडावर, घरात कोलामी ऐकत वाढणाऱ्या मुलासाठी हा हिशेब निराळा आहे. त्याच्यासाठी शाळेत भेटणारी पहिली नवी भाषा मराठीच असते. हिंदी आणि इंग्रजीची पाळी नंतर येते.

छोट्या भाषेला सरकारने मान दिला, शाळेत जागा दिली, तर ती टिकते का? या प्रश्नाचे उत्तर शोधायला आयर्लंडइतके चांगले उदाहरण नाही. तिथे हा प्रयोग शंभर वर्षे सुरू आहे.

कोलामी नेमकी कोणती भाषा?

कोलामी ही मराठीची बोली नाही. ती द्राविडी कुळातली स्वतंत्र भाषा आहे. घराला कोलामीत ‘एल्ला’ म्हणतात. तेलुगूतला ‘इल्लु’ आणि तमिळमधला ‘इल्लम’ हे तिचे भाऊबंद. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूर, नांदेड आणि तेलंगणातला जुना आदिलाबाद जिल्हा हा तिचा मुलूख. विदर्भाच्या बाजूला तिने मराठीतून भरपूर शब्द घेतले, आदिलाबादकडे तेलुगूतून. स्वतःची प्रचलित लिपी नाही. लिहायची वेळ आली तर इकडे देवनागरी, तिकडे तेलुगू.

ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा पाहणीच्या चौथ्या खंडात, १९०६ मध्ये, कोलामीची नोंद आहे. तिचा सविस्तर अभ्यास मात्र मरे एमेनो या भाषाशास्त्रज्ञाने केला. १९३५ ते १९३८ या काळात ते भारतात होते. त्यांनी नोंदवलेली बोली वर्धा भागातली होती आणि तिच्यावरचे त्यांचे पुस्तक कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९५५ मध्ये छापले. द्राविडी भाषांच्या अभ्यासकांना ‘वर्धा बोली’ हा शब्दप्रयोग त्यामुळेच ओळखीचा आहे. खुद्द वर्ध्यात तो कितीजणांनी ऐकला असेल, याची शंकाच आहे.

कोलाम समाज ‘विशेष असुरक्षित आदिवासी गटां’मध्ये मोडतो. महाराष्ट्रात असे तीनच गट आहेत : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

आयर्लंडमध्ये काय घडले?

आयरिश ही एकेकाळी त्या बेटावरची बहुसंख्यांची भाषा होती. इंग्रजी राजवटीत जमीन, न्यायालय आणि व्यापार इंग्रजीकडे गेले. १८३१ पासून राष्ट्रीय शाळा सुरू झाल्या, त्याही इंग्रजीतून शिकवणाऱ्या. मग १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे मेली आणि आणखी दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. दुष्काळाचा सर्वांत मोठा तडाखा पश्चिमेकडच्या गरीब, आयरिश बोलणाऱ्या भागांना बसला. १८५१ च्या जनगणनेत आयरिश बोलणारे १५ लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाहूनही थोडे कमी उरले होते.

इथे एक गोष्ट सहसा झाकली जाते. भाषा केवळ इंग्रजांनी हिसकावून घेतली नाही. अमेरिकेला जाणाऱ्या बोटीत बसायचे तर इंग्रजी हवी, हे ओळखून आईबापांनीच मुलांशी आयरिश बोलणे थांबवले. मुलांच्या गळ्यात काठी अडकवायची, आयरिश शब्द निघाला की तिच्यावर खूण करायची आणि खुणांप्रमाणे शिक्षा द्यायची, ही पद्धत शाळांत होती. तिला अनेक घरांची संमतीही होती. पोरांचे पोट भरावे म्हणून घेतलेला हा निर्णय होता. त्याला भाषाद्रोह म्हणणे सोपे आहे, पण त्या आईबापांसमोर दुसरा पर्याय काय होता?

पुनरुज्जीवन कुठे अडले?

१८९३ मध्ये डग्लस हाइड आणि सहकाऱ्यांनी गेलिक लीग स्थापन केली. १९२२ नंतर स्वतंत्र सरकारने आयरिश शाळेत सक्तीची केली. १९३७ च्या राज्यघटनेने तिला पहिली राजभाषा ठरवले आणि हाइड पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. शालान्त परीक्षा उत्तीर्ण व्हायला आयरिशमध्ये उत्तीर्ण होणे १९७३ पर्यंत बंधनकारक होते. १९९६ मध्ये तिची स्वतंत्र दूरचित्रवाणी वाहिनी आली. १ जानेवारी २०२२ पासून युरोपीय संघात तिला पूर्ण कामकाजी भाषेचा दर्जा आहे.

एखाद्या भाषेला याहून अधिक काय देणार? तरीही २०२२ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ७४ हजार लोकांनी, म्हणजे ४० टक्के जनतेने, आयरिश येते असे सांगितले, तेव्हा शाळा-कॉलेजबाहेर ती रोज बोलणारे ७२ हजारसुद्धा भरले नाहीत. ‘गेल्टाख्त’ म्हणजे सरकारने आयरिशभाषक म्हणून आखलेले भाग; तिथेही रोज बोलणारे सुमारे २० हजारच. शाळेने आयरिश जाणणारे घडवले. ती घरात बोलणारे घडवणे शाळेला जमले नाही.

संपूर्ण आयरिश माध्यमाच्या शाळांचा अनुभव काहीसा बरा आहे. गेल्या पन्नास वर्षांत त्या प्रामुख्याने पालकांच्या मागणीतून वाढल्या. तिथे भाषा हा एक तास नसतो. गणितही तिच्यातून होते आणि भांडणही.

वर्ध्यात १९३७ मध्ये काय ठरले?

ज्या वर्षी आयर्लंडची घटना आली, त्याच वर्षी, २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत, सक्तीचे शिक्षण आणि तेही मातृभाषेतून, असा ठराव झाला. झाकीर हुसेन समितीने त्यावरून ‘वर्धा योजना’ म्हणजे नई तालीम आखली. त्याच्या आदल्याच वर्षी वर्ध्यात राष्ट्रभाषा प्रचार समिती उभी राहिली होती, आणि १९९७ मध्ये इथेच आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आले.

भाषेचा एवढा विचार देशातल्या फार थोड्या जिल्ह्यांत झाला असेल. पण मातृभाषा म्हणजे प्रांताची मोठी भाषा, हे समीकरण तेव्हाही होते आणि आजही आहे. संविधानाच्या ३५० क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला १९५६ पासून राज्यांना सांगितले आहे. २०२० चे राष्ट्रीय शिक्षण धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. ‘शक्य तिथे’ या दोन शब्दांत कोलामी बाहेर राहते. आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांतही ती नाही.

आकडे काय सांगतात?

जनगणनेनुसार कोलामी मातृभाषा सांगणारे देशात १९९१ मध्ये ९८,२८१ होते, २००१ मध्ये १,२१,८५५ आणि २०११ मध्ये १,२८,४५१. वरवर पाहता वाढच आहे. पण २००१ ते २०११ या दशकात भाषकांची वाढ साधारण साडेपाच टक्के, तर एकट्या महाराष्ट्रातल्या कोलाम समाजाची संख्या १,७३,६४६ वरून १,९४,६७१ वर गेली, म्हणजे १२ टक्के. राज्याबाहेरचे कोलाम हिशेबात न धरताही समाज भाषेपेक्षा वेगाने वाढतो आहे. घराघरांतून कोलामी निसटते आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

कारणे आयर्लंडचीच आहेत. बाजार, दवाखाना, तहसील, शाळा, मजुरी सगळे मराठीत. पोरगा वर्गात मागे पडू नये म्हणून घरातच मराठी बोलू लागणारे आईबाप मायो किंवा गॅल्वेच्या शेतकऱ्याहून वेगळे नाहीत.

मग करता काय येईल?

शेजारच्या गडचिरोलीत, धानोरा तालुक्यातल्या मोहगाव इथे ग्रामसभांनी २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवून नोटीस दिली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. लोकांनी आपणहून केलेल्या प्रयत्नाचे असे स्वागत होत असेल, तर कोलामीसाठी कोण पुढे येणार?

नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली ‘पीएम जनमन’ योजना याच असुरक्षित गटांसाठी आहे. घरे, रस्ते, पाणी, वीज, फिरते दवाखाने, वसतिगृहे, अंगणवाड्या, मोबाइल टॉवर असे तिचे ११ घटक आहेत. भाषा त्यात नाही. खरे तर पोडावरच्या अंगणवाडीत कोलामी बोलणारी सेविका नेमली, तर तो खर्च नव्याने करावाच लागत नाही. पद आधीच मंजूर असते. आयर्लंडचा अनुभव पाहता घटनेतल्या दर्जापेक्षा तीन ते सहा वर्षांच्या मुलाशी कोण कोणत्या भाषेत बोलते, हे अधिक निर्णायक आहे.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ तारखेने होणार आहे. २०११ नंतर पहिल्यांदाच प्रगणक पोडावर जाऊन ‘मातृभाषा कोणती’ हे विचारतील. प्रश्न मराठीत विचारला जाईल, उत्तरही बहुधा मराठीतच येईल. त्या रकान्यात ‘मराठी’ पडते की ‘कोलामी’, यावर पुढच्या दहा वर्षांची कागदोपत्री संख्या ठरणार आहे.