जागृती नेमकी कोणाची करायची?

जानेवारी २०२५ मध्ये चेन्नईच्या किनाऱ्यावर रोज सकाळी मेलेली कासवं लागत होती. ऑलिव्ह रिडले कासवं. डोळे बाहेर आलेले, मान सुजलेली. महिनाभरात शेकडो. वर्तमानपत्रांत फोटो आले, हरित लवादाने स्वतःहून दखल घेतली आणि शहरात कार्यक्रम सुरू झाले.

बेसंट नगरच्या किनाऱ्यावरच्या अशाच एका कार्यक्रमाला मी गेले होते. फलक इंग्रजीत, भाषण इंग्रजीत. शेवटची दोन मिनिटं तमिळमध्ये: मच्छीमार बांधवांमध्ये जागृती करणं ही काळाची गरज आहे, वगैरे. ज्यांच्यात जागृती करायची होती ते बांधव पन्नास पावलांवर जाळी साफ करत बसले होते. त्यांतले एक वयस्कर अण्णा उठून आले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, “कासव मरतं ते ट्रॉलरच्या जाळ्यात. ट्रॉलर पाच मैलांच्या आत येतात. ते कोण बंद करणार?” वक्त्यांनी हसून सांगितलं की मुद्दा चांगला आहे, पण आजचा विषय कासवाचं जीवनचक्र हा आहे.

मी मराठवाड्यातली. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विसाव्या वर्षी. तरी ते भाषण मला ओळखीचं वाटलं. मी शाळेत असताना आमच्या वस्तीत हात धुण्याचे फायदे सांगायला एक पथक आलं होतं. तक्ते होते, साबणाच्या वड्या वाटल्या, फोटो काढले. आमच्या वस्तीला तेव्हा नळ नव्हता. माझ्या आईने पाण्याचं विचारलं, तर तिलाही हेच उत्तर मिळालं होतं: तो आमचा विषय नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. समुद्राचं विज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं म्हणून जे काही चालतं, त्यात बरेचदा जाणता कोण आणि अडाणी कोण हे आधीच ठरलेलं असतं. हे ठरवण्याची आपल्या देशातली सर्वांत जुनी पद्धत जात आहे.

आता त्या अण्णांचा प्रश्न नीट बघू. हिवाळ्याच्या सुमाराला ही कासवं विणीसाठी किनाऱ्याजवळ येतात. कासव पाण्यात राहतं, पण श्वास हवेत घेतं, त्यासाठी त्याला पुन्हा पुन्हा वर यावं लागतं. ट्रॉलरचं जाळं पाण्याखालून ओढत नेतात. त्यात कासव अडकलं की त्याला वर येता येत नाही, ते बुडून मरतं. यावर उपाय आहे. जाळ्याच्या आत सळ्यांची एक तिरकी चौकट बसवतात. कोळंबी सळ्यांमधून मागे जाते आणि कासव वरच्या फटीतून बाहेर पडतं. हे साधन वापरलं जात नाही म्हणून अमेरिकेने भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं थांबवलं होतं. कायदाही आहे. तमिळनाडूच्या १९८३च्या सागरी मासेमारी कायद्यानुसार यांत्रिक बोटींनी किनाऱ्यापासून पाच सागरी मैलांच्या आत मासेमारी करायची नाही. तो पट्टा कट्टुमरम आणि लहान फायबर बोटीवाल्यांसाठी राखलेला आहे.

म्हणजे ट्रॉलर पाच मैलांच्या आत आला की कासव मरतं आणि लहान मच्छीमाराची मासळीही जाते. कासव आणि कुप्पममधला माणूस एकाच बाजूला आहेत. हे त्या अण्णांना माहीत होतं. जीवनचक्राच्या भाषणात ते नव्हतं, कारण ते सांगितलं तर पुढे सांगावं लागतं की कायदा मोडणाऱ्याला पकडणं कोणाचं काम आहे. त्यापेक्षा ‘जागृती’ सोपी.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. चेन्नईत १९८८ पासून विद्यार्थी नीलांकरै ते बेसंट नगर असा किनारा रात्री पायी तुडवतात, अंडी सुरक्षित जागी नेतात, पिल्लं समुद्रात सोडतात. कुप्पममधली तरुण मुलंही आता कासवांची राखण करतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती ज्ञान एका बाजूने दुसऱ्या बाजूला ओतायचं असतं या समजुतीबद्दल.

या समजुतीचा इतिहास गमतीचा आहे. धर्मशास्त्रांनी समुद्रप्रवास पातक ठरवला होता. बौधायन धर्मसूत्रात तो माणसाला पतित करणाऱ्या गोष्टींच्या यादीत आहे. मराठीत त्याला सिंधुबंदी म्हणतात. समुद्र ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर जात जाई. त्या सगळ्या शतकांत समुद्रावर कोण होतं? ज्यांना शास्त्र शिकण्याची बंदी होती ते. आता समुद्रविज्ञानाच्या संस्था, परिषदा आणि पाठ्यपुस्तकं उभी राहिली, तेव्हा सिंधुबंदी पाळणाऱ्यांचे वारस व्यासपीठावर आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या समुद्र वाचणारे समोर वाळूत बसून जागृत होत आहेत.

समुद्र वाचणं हा शब्द मी शोभेसाठी वापरत नाही. तमिळमध्ये चार दिशांच्या वाऱ्यांना चार जुनी नावं आहेत: पूर्वेचा कोंडल, पश्चिमेचा कोडै, उत्तरेचा वाडै, दक्षिणेचा तेंड्रल. या किनाऱ्यालगतचा प्रवाह वर्षातून दिशा बदलतो. उन्हाळ्याच्या तोंडावर तो उत्तरेकडे वाहतो आणि ईशान्य मोसमी पावसात दक्षिणेकडे. पाठ्यपुस्तकात याला मोठं इंग्रजी नाव आहे. कुप्पममध्ये हे माहीत असतं, कारण जाळं कुठे टाकायचं ते त्यावर ठरतं. उरूर ओल्कॉट कुप्पमचे एस. पालयम यांनी वारा, प्रवाह आणि मिळालेली मासळी यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या आणि ते ज्ञान कागदावर आणलं. आपल्याकडे कोळीवाड्यातली मावशी तिथी सांगितली की आज उधाण आहे की भांग ते सांगते. विद्यापीठात याला ‘पारंपरिक ज्ञान’ म्हणतात. म्हणजे कौतुक करायचं आणि निर्णय घेताना बाजूला ठेवायचं.

बाजूला ठेवल्यावर काय होतं? वरळी कोळीवाड्याचं उदाहरण घ्या. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या खांबांमध्ये ६० मीटर अंतर पुरेसं आहे, असं महापालिका सांगत होती. कोळी बांधव म्हणत होते की वारा आणि लाटा असताना एवढ्या फटीतून बोट नेणं म्हणजे जीव धोक्यात घालणं. त्यांनी काम अडवलं, वर्षानुवर्षं भांडले. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने अंतर १२० मीटर करायचं मान्य केलं. बोट हाकणाऱ्याला आधीच विचारलं असतं तर?

उलट बाजूही आहे. विज्ञान असतं, पण पोचत नाही. नोव्हेंबर २०१७ अखेरीस ओखी वादळ आलं तेव्हा कन्याकुमारीचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेलेले होते. एका फेरीला त्यांचे कित्येक दिवस जातात. इशारा निघाला तोवर तो त्यांच्यापर्यंत पोचवायचं साधन नव्हतं. तिथे मोबाइलला रेंज नसते. कितीतरी माणसं परत आली नाहीत. उपग्रहावरून इशारे पोचवणारी यंत्रं त्यानंतर आली. विज्ञानसंवाद हा शब्द ऐकला की आपल्याला प्रदर्शन आणि व्याख्यान आठवतं. मच्छीमाराच्या बायकोसाठी त्याचा अर्थ असा की नवऱ्याला निरोप वेळेवर मिळाला की नाही.

चेन्नईच्या दक्षिणेला पळ्ळिक्करणै इथे राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ मत्स्य ६००० नावाची पाणबुडी घडवत आहेत. तीन माणसांना सहा हजार मीटर खोल नेणारी. ज्या खोल समुद्र मोहिमेचा ती भाग आहे, तिला २०२१ मध्ये सुमारे ४,०७७ कोटी रुपये मंजूर झाले. हे व्हायलाच हवं, मला त्याचा अभिमान आहे. पण याच शहराच्या उत्तरेला एण्णूर आहे. औष्णिक वीजकेंद्रांच्या राखेने तिथली खाडी भरत आली आहे. जानेवारी २०१७ मध्ये दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं, तेव्हा माणसांनी ते बादल्यांनी उपसलं. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पुरात मनालीच्या औद्योगिक पट्ट्यातून तेल खाडीत आलं, तेव्हाही मच्छीमार साध्या बादल्या आणि मग घेऊन उघड्या हातांनी तेल गोळा करत होते. सहा वर्षांत बादली बदलली नाही. सहा हजार मीटर खाली जाण्याचं तंत्र ज्या शहरात आहे, त्याच शहरात पाण्यावरचं तेल काढायला हात वापरले जातात. ते हात कोणाचे असतात, हे या स्तंभाच्या वाचकाला सांगायला नको.

मात्र ‘मच्छीमार’ म्हणजे एकसंध निष्पाप समाज, असं चित्र मी काढणार नाही. ती आपलीच फसवणूक होईल. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत सरोवर आहे. तिथे मासेमारीच्या जागा ‘पाडू’ नावाच्या पद्धतीने आळीपाळीने वाटून घेतात. अभ्यासक तिचं कौतुक करतात, लोकांनी स्वतः चालवलेलं संवर्धन म्हणून. पण त्या पाळीत नाव लागतं ते पट्टिनवर या मच्छीमार जातीचं. दलित आणि आदिवासी त्याबाहेर. याच पट्ट्यात इरुळर आदिवासी चिखलात हाताने चाचपून कोळंबी पकडतात. खाडीत राख आणि तेल आलं की सर्वांत आधी त्यांच्या पोटावर येतं आणि नुकसानभरपाईच्या यादीत ते सर्वांत शेवटी. २००४च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत छावण्यांत दलितांना आणि इरुळरांना वेगळं ठेवल्याच्या, डावलल्याच्या नोंदी आहेत. लाटेने जात पाहिली नाही, मदतीने पाहिली. त्यामुळे ‘स्थानिकांचं ऐका’ एवढं म्हणून भागत नाही. स्थानिकांतल्या कोणाचं, हेही विचारावं लागतं. मासळी विकणाऱ्या बाईला तर दोन्हीकडचे विसरतात.

मग करायचं काय? पहिली गोष्ट, जिथे संवादाने खिशाला हात घातला तिथे काय झालं ते बघा. महाराष्ट्रात डिसेंबर २०१८ पासून कासव किंवा दुसरा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. यात मच्छीमाराला कोणी भाषण दिलं नाही. त्याचं नुकसान होतं हे मान्य केलं.

दुसरी गोष्ट आपल्याबद्दल. २००६च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी व्हावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सारांशच फक्त. आघाताचे आकडे ज्यात असतात तो मूळ अहवाल इंग्रजीत राहतो. एण्णूरजवळच्या काट्टुपळ्ळी बंदराचा विस्तार ३३० एकरांवरून सहा हजार एकरांच्या वर नेण्याचा प्रस्ताव असाच आहे. आपल्याकडे वाढवण आहे. माझ्या मते समुद्रविज्ञानाचा खरा लोकसंवाद कासवांच्या पोस्टरपेक्षा या सुनावणीच्या मंडपात होतो, किंवा होत नाही. बोले ठराव १९२३ साली झाला होता. पाणी मात्र तेवढ्याने मिळालं नाही, १९२७ला महाडला जावं लागलं. सुनावणीचा हक्क आज त्याच जागी आहे, कागदावर.

आपण, घरातले पहिले पदवीधर, इथे उपयोगी पडू शकतो. वस्तीतली भाषाही आपल्याला येते आणि अहवालातलीही. आपल्यातल्या अनेकांनी शाळेत असल्यापासून आईवडिलांची सरकारी पत्रं वाचून दाखवली आहेत, अर्ज लिहिले आहेत. तेच काम आता जरा मोठं करायचं. पाच जणांनी मिळून एका अहवालाची प्रकरणं वाटून घ्यायची, गावच्या भाषेत लिहून काढायची, कोळीवाड्यात, कुप्पममध्ये, खाडीकाठच्या पाड्यावर बसून वाचायची. तिथे जे ऐकू येईल ते आकडे आणि तारखांसह इंग्रजीत लिहून सुनावणीत द्यायचं. ज्योतिरावांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात माती, पाणी आणि बंधाऱ्यांबद्दल सरकारला ठोस सूचना केल्या होत्या. शेतकऱ्याचं दुःख आणि शेतीचं शास्त्र त्यांनी वेगवेगळं ठेवलं नव्हतं.

त्या दिवशी कार्यक्रम संपल्यावर अण्णांनी मला विचारलं, मी कुठे शिकते. मोडक्या तमिळमध्ये सांगितलं. ते म्हणाले, “मग तुला उत्तर मिळालं तर येऊन सांग.” ट्रॉलर कोण बंद करणार, हा प्रश्न मी माहिती अधिकाराच्या अर्जात लिहून ठेवला आहे. तमिळ मजकूर कुप्पममधल्या बारावीतल्या एका मुलीने तपासून दिला. तिने माझ्या सात चुका काढल्या.