आधी तोंड धुवून ये!

माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारा मुलगा रोज लंचनंतर मला मिंटची गोळी द्यायचा. न चुकता. मी काही विचारायला त्याच्या स्क्रीनकडे वाकले, की ड्रॉवर उघडणार, डबी पुढे येणार. 'घे ना यार!' मीही घ्यायचे. किती छान मुलगा आहे, असं मी घरी आईलासुद्धा सांगून ठेवलं होतं. (आईने लगेच 'आडनाव काय गं त्याचं?' विचारलं, ते सोडा.)

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी गोळ्या संपल्या. मी रिकामी डबी हलवून म्हटलं, 'काय रे, आज उपास?' तो बराच वेळ कीबोर्डकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, 'एक सांगू? राग मानू नकोस. तुझ्या तोंडाला वास येतो. बरेच दिवस.'

तुम्हाला कुणी हे कधी सांगितलंय? कान गरम होतात आणि गेल्या महिन्याभरातल्या सगळ्या मीटिंग्ज डोक्यात रिवाइंड व्हायला लागतात. प्रेझेंटेशनच्या वेळी क्लायंट खुर्ची मागे का सरकवत होता? लिफ्टमधल्या बाईने नाकाला रुमाल लावला होता, तिला सर्दीच झाली होती ना? ना? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. रागाने म्हणाल, तर तेवढंच कारण नव्हतं. बोलायचं म्हणजे तोंड उघडायला हवं!

शनिवारी गुपचूप डेंटिस्टकडे गेले. खुर्चीत आडवी पडल्या पडल्या मीच माझं निदान सांगून टाकलं, 'पोटाचा प्रॉब्लेम असेल ना? ॲसिडिटी?' पोट साफ नसलं की वास येतो, हे आपल्याकडचं लाडकं निदान. डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, तोंडाच्या वासाचं कारण बहुतेक वेळा तोंडातच सापडतं. दातांच्या फटीत अडकलेलं अन्न, हिरड्यांच्या कडेला साचलेलं कीटण, जिभेच्या मागच्या भागावरचा थर. तिथले जंतू गंधकाचे वायू तयार करतात. त्यात एसीमध्ये बसून दिवसभर कॉफी ढोसायची, पाणी प्यायचं नाही, म्हणजे तोंड कोरडं. लाळ कमी, वास जास्त. आणि मिंट म्हणजे न धुतलेल्या शर्टावर मारलेला परफ्यूम.

मग त्यांनी विचारलं, दात कधी घासता? मी म्हटलं, रोज! सकाळी सहाला. मग सात-दहाची हिंजवडीची बस, ऑफिसात पोहे, कॉफी, लंच, कॉफी, चारचा वडापाव, कॉफी. घरी साडेनऊ. जेवण आणि टीव्हीसमोरच आडवी. पुढचा ब्रश दुसऱ्या दिवशी सहाला. चोवीस तासांत एकदा. रात्री घासायला हवेत हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज चालायला जायला हवं हे जसं माहीत असतं, तसं माहीत होतं.

झोपेत लाळ कमी होते, म्हणून रात्रीचा ब्रश सगळ्यात महत्त्वाचा. तो चुकवायचा नाही. दुपारचा जमला तर बोनस. फ्लोराइडवाली पेस्ट, वाटाण्याएवढी पुरे (जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात ती पेस्ट लवकर संपावी म्हणून असावी, हे माझं मत). दोन मिनिटं. आणि झाल्यावर फक्त थुंकायचं, लगेच खळखळून चुळा भरायच्या नाहीत, नाहीतर फ्लोराइड सगळं वाहून जातं. लहानपणी 'खळखळून चूळ भर' म्हणून धपाटे खाल्लेल्या मुलीला हे पचायला जड गेलं.

सोमवारी ऑफिसात ब्रश घेऊन गेले. आणि तिथे कळलं, की दोन मिनिटं केवढी मोठी असतात!

आमच्या लेडीज वॉशरूममध्ये काय काय चालतं! वीस वीस मिनिटं केस स्ट्रेट करतात, एकीने तिथे उभं राहून फोनवर ब्रेकअप केलाय. कुणी मान वळवून बघत नाही. पण माझ्या तोंडात ब्रश दिसला की झालं. 'अगं, रात्रभर इथेच होतीस का?' 'इतका लोड आहे तुमच्या टीमला?' एचआरवाल्या मॅडमनी तर मी तोंडात फेस घेऊन उभी असतानाच अप्रेझलचा फॉर्म भरलास का विचारलं. मी आरशातूनच मान हलवली. हो की नाही, ते त्यांचं त्यांनाच कळलं असेल. मला वाटतं, घोळ आहे तो सकाळचा. आपल्याकडे दात घासणं म्हणजे सकाळ, चहाच्या आधी. दुपारी दीडला ब्रश हातात असलेली बाई एक तर आजारी, नाहीतर बेघर.

पहिला आठवडा मी लपूनछपून दुसऱ्या मजल्यावर जाऊन घासले. मग आमच्याकडे जपानहून क्लायंट आले. त्यांच्यातली एक बाई, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी असेल. जेवण झाल्यावर तिने पर्समधून छोटी केस काढली आणि आरशासमोर शांतपणे दात घासायला लागली. सगळ्या बघताहेत, हिला पत्ताच नाही. जपानमध्ये ऑफिसात जेवणानंतर दात घासणं सर्रास चालतं, शाळेतही मुलांना तशीच सवय लावतात. मीही माझा ब्रश काढला. दोघी शेजारी शेजारी, तोंडात फेस. तिने आरशात बघून किंचित मान झुकवली. मीही झुकवली. इतकं सुरळीत क्लायंट कम्युनिकेशन माझं पुन्हा कधी झालं नाही!

खरी परीक्षा घेतली ती हाउसकीपिंगच्या मावशींनी. एकदा बेसिन तुंबलं. मावशी हातमोजे घालून उभ्या. 'मॅडम, तुम्ही घासता ना दात? घासा की. पन थुकल्यावर नळ सोडत जावा. ते पांढरं वाळलं की नखानं खरवडावं लागतं मला.' मी इतके दिवस कोण बघतंय याचीच काळजी करत होते. कोण पुसतंय, हे डोक्यातच आलं नव्हतं. आता थुंकले की नळ सोडते, टिश्यूने बेसिनची कड पुसते. मावशी म्हणाल्या, त्याही दिवसातनं तीनदा घासतात. मिश्रीने. मी म्हटलं, 'मावशी, ती तंबाखू आहे हो.' 'कळतंय की. सुटत न्हाई,' म्हणाल्या आणि बादली उचलून निघून गेल्या. यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही.

ओला ब्रश डब्यात कोंडायचा नसतो, म्हणून माझा पेनस्टँडमध्ये उभा असतो. गेल्या महिन्यात बॉसने सही करायला पेन म्हणून तोच उपसला. तेव्हापासून तो स्वतःचं पेन घेऊन येतो.

तो शेजारचा मुलगा आता बंगलोरला गेलाय. जायच्या दिवशी मी त्याला विचारलं, तीन आठवडे का लावलेस रे? तो म्हणाला, 'रोज सकाळी ठरवायचो. मग तू हसत यायचीस, आणि मी डबी काढायचो.'

त्याच्या जागी नवीन मुलगी जॉइन झाली आहे. पहिलीच नोकरी, भयंकर उत्साही. शंका विचारायला अगदी जवळ येऊन बसते. दहा दिवस झाले, माझ्या ड्रॉवरमध्ये एक नवा कोरा ब्रश पडून आहे. आणि त्याच्या शेजारी मिंटची डबी, अर्धी संपलेली.

उद्या सांगते. लंचनंतर.